खराडीचे मालक

सदाशिव पेठेत नानांशी कुठल्याही विषयावर बोला, चौथ्या वाक्याला गाडी खराडीला पोचते. पाऊस म्हणा, ते म्हणतील, "खराडीला जास्त झाला." निवडणूक म्हणा, "आमच्या भाडेकरूचं नावच नाही यादीत." तिथे त्यांचा टू बीएचके आहे, सातव्या मजल्यावर, पण परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबद्दल बोलावं तसा त्यांचा आवाज होतो. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त होताना मिळालेली पुंजी सगळी तिथे गेली. "बँकेतला पैसा दिसत नाही. भिंतीला हात तरी लावता येतो," असं ते म्हणतात.

भाडेकरूला नाना जेवढे भितात तेवढं पुण्यात कुणी भीत नसेल, कारण त्यांचे वडील भाडेकरू होते. वाड्यातल्या दोन खोल्या, भाडं चौदा रुपये. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलेली, त्यामुळे चौदाचे पंधरा करणं मालकाच्या हातात नव्हतं. त्याने एकदा युक्ती म्हणून भाडं घेणंच बंद केलं. थकबाकीदार ठरवायचं आणि काढायचं. वडिलांनी मनिऑर्डर सुरू केली. मालक ती परत करी, वडील परतीचे कागद तारीखवार टाचून ठेवत. छप्पर गळायचं. मालक म्हणे, चौदा रुपयांत कौलं येत नाहीत. वडील म्हणत, छप्पर तुमचं आहे. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे गळणं कधी थांबलं नाही. शेवटी वाडा पाडून अपार्टमेंट झाली आणि आज नाना राहतात ती जागा त्यांना मिळाली, ती भाडेकरूचा मुलगा म्हणूनच. हा इतिहास ते खराडीत कुणाला सांगत नाहीत.

त्यामुळे करार अकरा महिन्यांचा, एक दिवस जास्त नाही. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी चुकत नाही, ती करून घेणं मालकाचंच काम आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, हे नानांना १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ सकट पाठ आहे. कैदेचं त्यांना काही वाटत नाही. नोंदणी नसेल तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, याने मात्र त्यांची झोप उडते. मुदत संपून न हलणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते, ते कलम २४ वाचलं की पुन्हा लागते.

नोंदणीला एजंटाचा पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. नोकरीत अंगठेबहाद्दरांवर तोंडसुख घेतलेल्या नानांचा अंगठा यंत्र घेत नाही. "काका, रेषा झिजल्यात," पोरगा म्हणतो. मग धोतराला अंगठा पुसणं, फुंकर मारणं, दुसरं बोट. भाडेकरूचा ठसा पहिल्या झटक्यात उमटतो, आणि नानांना तोही अपशकुन वाटतो.

हिशेबाची वही हा त्यांचा खरा ग्रंथ. फ्लॅट पंच्याहत्तर लाखांचा, भाडं बावीस हजार. वर्षातला एक महिना रिकामा धरायचा. सोसायटीचा मेंटेनन्स, एजंटाचं एका महिन्याचं भाडं, रंगकाम वजा. स्वतः राहणाऱ्याला महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते. भाडेकरू ठेवला की ती गेली, तीही वजा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी वेगळा आकार लावते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, असा १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश नाना सभेला नेतात. सेक्रेटरी तो नम्रपणे वाचून परत देतो. तळाशी उरतात दोन टक्क्यांच्या आत. भाची सीए आहे, ती म्हणाली, "नाना, याच्या तिप्पट एफडीत मिळतील." तेव्हापासून वहीचं ते पान स्टेपल करून बंद आहे.

जागा रिकामी झाली की नानांच्या अटी ऐकाव्यात. पहिल्या महिन्यात हवं शाकाहारी, मराठी, लहान मूल नसलेलं आणि होण्याची शक्यताही कमी असलेलं कुटुंब. भिंतीत खिळा नाही, रात्री दहानंतर पाहुणा नाही. (नानांच्या वडिलांना ही जागा मिळाली नसती, असं मला नेहमी वाटतं. त्यांना पाच मुलं होती.) दुसऱ्या महिन्यात मेंटेनन्स खिशातून जातो आणि अंड्याला मुभा मिळते. तिसऱ्या महिन्यात आयटीतले तीन अविवाहित आणि एक गिटार यांच्याशी करार होतो. त्यांतला एक लगेच नानांचा पॅन नंबर मागतो: वर्षाला लाखावर भाडं असलं की घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी ऑफिसात तो द्यावा लागतो. नाना असे बघतात, जसा काही त्याने सातबाराच मागितला.

स्वतःच्या मोरीतला नळ नाना दिवाळीपासून सुतळीवर चालवताहेत. पण परवा रात्री अकराला खराडीहून गळक्या नळाचा व्हिडिओ आला आणि सकाळी आठला ते प्लंबरला घेऊन गेटवर हजर. तिथल्या प्लंबरला पेठेतला दर मान्य नव्हता, म्हणून सौदा रिक्षातच सुरू होता.

"कुणाकडे?" वॉचमनने विचारलं.

"सातशे तीन. माझाच आहे."

वॉचमनने मोबाइलवर विनंती पाठवली. पोरं झोपलेली, उत्तर येईना.

"अरे, मालक आहे मी."

"मालक असाल हो काका. अप्रूव्हल राहणाऱ्याचं लागतं. तुम्हाला सोडलं तर माझी नोकरी जाईल."

प्लंबर सोसायटीत रोजचा. त्याने आपला नंबर सांगितला, यंत्राने हिरवा दिवा दाखवला आणि तो पिशवी घेऊन आत गेला. वॉचमनने नानांना प्लास्टिकची खुर्ची दिली. नाना बसले नाहीत. गेटच्या गजांतून लिफ्टकडे बघत ते ओरडले, "वॉशर फक्त! नवीन नळ टाकायचा नाही, सांगून ठेवतो!"