राहणाऱ्याला नाही, न राहणाऱ्याला बारा

“ऐकलं का गं? आमच्या सिस्टरबाई पावती मागू राहिल्या!”

अक्कांनी भिंतीवर दोन्ही हात टेकले की समजायचं, विषय भाजीचा नाही. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी. त्यांच्या बाजूला कढीपत्ता, माझ्या बाजूला धुण्याची दोरी. जाफराबादेत निम्म्या बातम्या तहसीलसमोरच्या टपरीवर फुटतात आणि उरलेल्या या भिंतीवर.

“कसली पावती, अक्का?”

“भाड्याची! अडीच हजार हातात ठेवले अन् म्हणे, चिठ्ठी द्या. मी काय पैसे घेऊन पळू राहिले का? दोन वर्षं झाली, कालवण वाटून खातो आम्ही. इतका अविश्वास?”

“पण दोन वर्षांत नाही मागितली, मग आताच का?”

अक्का जरा घुटमळल्या. मग एकेक निघत गेलं. मागच्या महिन्यात त्या लेकीकडे टेंभुर्णीला गेल्या होत्या. सिस्टरबाईंनी भाडं धाकट्याच्या हातात दिलं. धाकट्यानं त्यात मोटरसायकलची सर्व्हिसिंग उरकली आणि आईला सांगायचं तेवढं राहून गेलं. अक्कांनी आल्या आल्या भाडं मागितलं. त्या म्हणाल्या दिलं, ह्या म्हणाल्या नाही. दोन दिवस ओसरीवर अबोला. शेवटी धाकट्यानं तोंड उघडलं.

“मग अविश्वास आधी कोणी दाखवला, अक्का?”

“तसं नाही गं. माझ्याकडं सगळं लिहिलेलं असतं. कालनिर्णयवर.”

“बरं, मागच्या दिवाळीचं भाडं आलं होतं का, बघा बरं.”

“ते... मागच्या सालचं फडताळात अंथरलंय. त्यावर तेलाची बरणी आहे.”

म्हणून यंदाचं आणलं. मार्चच्या पानावर दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि एका चौकोनात बारीक अक्षरात ‘२००० आले’. कोणाकडून, कशाचे, पाचशे राहिले की माफ केले, काहीच नाही. अक्कांनी चष्मा वर-खाली केला. “भाड्याचेच असतील. नाही तर भिशीचे.”

“गणपतीची एकावन्न रुपये वर्गणी दिली तरी तुम्ही त्या पोरांना पावती फाडायला लावता. अन् इथं वर्षाचे तीस हजार नुसते तोंडी?”

“अगं, पावती दिली की भाडेकरू घरावर बसतो म्हणतात! हे होते तेव्हापासून आमच्या घरात कोणाला चिटोरा दिला नाही.”

ही भीती एकट्या अक्कांची नाही. आमचे हे तहसीलसमोर बॉण्डरायटर म्हणून बसतात. दर आठवड्याला एखादा घरमालक त्यांना हेच ऐकवतो. घरी जेवताना त्यांचं जे उत्तर कानावर पडतं, तेच मी भिंतीपलीकडे सरकवलं. ‘अमुक खोलीचं अमुक महिन्याचं भाडं’ असं लिहिलेला कागद जो जपून ठेवतो, तो स्वतःच कबूल करतो की घर दुसऱ्याचं आहे. घरावर बसणाऱ्याला असला कागद कशाला हवा असेल?

“अन् कायदा काय म्हणतो?”

“कायद्याचं विचाराल तर माझ्या सासर-माहेरात पूर्वी त्याचाही सारखेपणा नव्हता. मराठवाड्यात जुन्या हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडं कायदा. माझं माहेर चिखली, म्हणजे विदर्भ; तिकडं मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेश. मुंबईकडं १९४७ चा तिसराच. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला अन् ३१ मार्च २००० पासून तिन्ही गेले. हा कायदा अनुसूचीतल्या गावा-शहरांना लागतो. त्याचं २६ वं कलम म्हणतं, जागेपोटी जी रक्कम घेतली तिची लेखी पावती त्याच वेळी द्यायची. नाही दिली अन् गुन्हा शाबीत झाला, तर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड.”

“दिवसाला?” अक्कांनी बोटांवर महिना मोजायला घेतला.

“पुढचं ऐका. ५५ वं कलम म्हणतं, भाड्याचा करार लेखी अन् नोंदणी केलेला पाहिजे, अन् ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. भाडं अडीच ठरलं होतं की दोन, लाइट बिल कोणी भरायचं, सगळं. कशानं सिद्ध कराल? तेलाच्या बरणीखालच्या कागदानं?”

अक्का गप्प. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. म्हणजे खरी बातमी आता येणार.

“अगं, पण गंमत सांगू? पावती मागणारं अजून एक आलंय. ते सर नाहीत का, संभाजीनगरहून अपडाउन करतात ते. परवा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. म्हणे, अक्का, मागच्या खोलीच्या बारा महिन्यांच्या बारा पावत्या करून द्या.”

“मागच्या खोलीत तर सोयाबीनची पोती आहेत!”

“तेच तर! मी म्हटलं, सर, तुम्ही कधी राहिले? तर म्हणे, कागदापुरतं हो.”

कागदापुरतं म्हणजे काय, ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पगारात घरभाडं भत्ता, त्याला मुख्यालयी राहायची अट. वर, जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याला भाड्याच्या पावत्या दाखवून आयकरात सूट. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हाच विषय काढला, की शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि भत्ता मात्र घेतात. त्यावर शिक्षकांनी मोर्चा काढला. त्यांचंही सगळंच खोटं नाही. खेड्यात संडास-बाथरूमची खोली शोधून बघावी, मिळते का ते. पण त्या अडचणीवर उपाय सोयाबीनच्या खोलीची पावती, हे काही पटत नाही.

“तुम्ही काय म्हणालात?”

“विचार करते म्हटलं. पेढे चांगले होते गं.”

“अक्का, जी बाई दोन वर्षं तुमच्या घरात राहते तिला एक पावती नाही. अन् ज्यांनी खोलीची कडी काढली नाही त्यांना बारा? सही तुमची राहील. उद्या चौकशी आली तर कागदावर भाडं तुम्ही घेतलेलं. न आलेल्या पैशाचं उत्पन्न तुमच्या नावावर, अन् खोटं लिहून दिलं ते वेगळंच.”

“अगं बाई! म्हणजे पेढे त्यांनी खाऊ घालायचे अन् हिशेब मी द्यायचा?”

अक्कांनी पदर खोचला, धाकट्याला हाक मारली आणि स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणायला पिटाळलं. कार्बनवालं, म्हणजे स्थळप्रत आपल्याकडे राहते. पहिली पावती भिंतीवर ठेवूनच लिहिली. तारीख. सिस्टरबाईंचं पूर्ण नाव. ‘पुढची खोली, चालू महिन्याचं भाडं.’ रक्कम अंकात आणि अक्षरात. ‘रोख’. लाइट बिलाचे तीनशे चाळीस खाली वेगळे. मागच्या महिन्याची दुसरी पावती, ‘मुलाच्या हस्ते मिळाले’ असं लिहून. ती लिहिताना धाकट्याकडे असं पाहिलं की तो गाडी घेऊन पसारच झाला.

“तिकीट लावू का गं?”

“पाच हजारांवर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. अडीचला नको. डिपॉझिट किती घेतलं होतं?”

“दहा.”

“त्याची पावती करा अन् तिला तिकीट लावा.”

“ती पुढं फोनपे करीन म्हणते. मग तर पावती नको ना?”

“फोनपेनं पैसे आल्याचं कळतं. कशाचे आले ते कुठं कळतं? भाडं होतं का भिशी, यावरून परत तुमचं भांडण.”

तेवढ्यात अक्कांच्या फाटकाची कडी वाजली. सरांनी शाळेतल्या पोराला पाठवलं होतं. हातात कोरं पाकीट. “अक्का, सरांनी पावत्या मागितल्यात.”

अक्कांनी नवं पुस्तक उचललं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “सरांना म्हणावं, बारा पावत्या आत्ता फाडते. फक्त बारा महिन्यांचं भाडं घेऊन या, अन् येताना सोयाबीन उतरवायला दोन माणसंही आणा.”