कवळी इत्यादी

सरकारला म्हाताऱ्यांची काळजी नाही, असं म्हणणाऱ्याची जीभ झडो. दात झडले तर मात्र त्याने आपलं आपण बघावं. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीच्या गरजूला एकदाच ३००० रुपये, आणि त्यातून काय घ्यायचं त्याची यादी : चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा, इत्यादी. डोळ्यांपासून गुडघ्यांपर्यंत सगळा माणूस झाला, तोंड तेवढं राहिलं. कमोड खुर्ची दिल्यामुळे जावकेची व्यवस्था चोख आहे. आवक मात्र 'इत्यादी'त.

केंद्र सरकार जास्त उदार. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कृत्रिम दात चक्क नाव घेऊन लिहिलेले आहेत. योजनेचा मुहूर्त १ एप्रिलचा होता, हा निव्वळ योगायोग.

आता मनमाडच्या आसपासच्या एखाद्या वृद्धाश्रमातले आजोबा डोळ्यांपुढे आणा. दाढ ठणकतेय. आधी लवंग, मग गोळी, मग तीच गोळी दोन वेळा. भाकरी वाटीभर आमटीत कुस्करायची, भिजेपर्यंत बसायचं, मग एकाच गालाने खायची. तक्रार नाही. ज्याची सारी नोकरी मनमाड जंक्शनवर झाली आणि ज्याने नळाच्या पाण्याची पंधरा-पंधरा दिवस वाट पाहिली, त्याला थांबायला काय शिकवायचं?

"या वयात दाताचं काय घेऊन बसलात, बाबा?" असं व्यवस्थापक म्हणतात. माणूस वाईट नाही. एकाला नाशिकच्या दंत महाविद्यालयात न्यायचं तर पहाटेची पंचवटी एक्सप्रेस गाठायची, सोबत एक माणूस द्यायचा, आणि तो गेला की मागे अंथरुणावरच्यांना पाणी पाजायला कुणी नाही. कवळी करायची तर माप, चाव, ट्रायल, बसवणं आणि टोचते म्हणून घासणं, अशा किमान चार-पाच खेपा.

पण सत्तरीपुढच्यांना वय वंदना कार्ड आहे ना! वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. मेख एवढीच, की ते प्रामुख्याने दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतं, आणि दाढ काढतात खुर्चीत बसवून. तेव्हा आजोबांना आमचा प्रेमाचा सल्ला : घाई करू नका. पू होऊ द्या, जबडा सुजू द्या, साखर चढू द्या. तोंडातली घाण श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाला, तर मग विचारूच नका. पाचशे-हजारात निघणारी दाढ परवडत नव्हती, आता खाट, सलाईन, सगळं शासनाचं. वेळेवर आलेला म्हातारा कुठल्याच रकान्यात बसत नाही हो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्याने त्यांना रुग्णालयात वेगळी रांग दिली, ती उगीच नाही.

शिबिरंही होतात. बॅनर, हार, आणि बोळक्या तोंडांना टूथब्रशचं वाटप. एखादं शिबिर खरंच माप घेऊन जातं. कवळ्या सावकाश येतात, तोवर हिरड्या झिजून जबड्याचा आकार बदललेला असतो. आजींची कवळी बोलताना ताटात पडते. तीच शेजारच्या आजींच्या तोंडात बरोब्बर बसते, पण लाभार्थी बदलायचा तर नवा अर्ज करावा लागेल, आधार कार्डाच्या दोन प्रतींसह.