एकाच पंगतीत गव्हर्नर आणि कैदी!

आता हे सांगायचं तरी कुणाला? ज्या माणसानं मैफलीच्या मैफली प्रेक्षकांशी एक अक्षर न बोलता उरकल्या, प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देऊन बातमीदारांना रडकुंडीला आणलं, तो बॉब डिलन पासष्टीला टेकला आणि चक्क रेडिओवर गप्पा मारायला बसला! बरं, गप्पा कशावर? युद्धावर, क्रांतीवर, माणसाच्या एकाकीपणावर? छे हो. हवामानावर. मग आईवर. मग दारूवर. आई झाल्यावर लगेच दारू, हे लक्षात घ्या. पुढे बेसबॉल, कॉफी, तुरुंग, आणि तुरुंगानंतरच्या आठवड्यात वडील. लग्नाचा विषय घटस्फोटाच्या आधी घेतला, एवढीच काय ती लोकलाज पाळली.

कार्यक्रमाचं नाव ‘थीम टाइम रेडिओ अवर’. 3 मे 2006 रोजी अमेरिकेत एक्सएम या सॅटेलाइट रेडिओवर तो सुरू झाला. म्हणजे हवेतून फुकट येणारं नव्हे, दर महिन्याला पैसे मोजून ऐकायचं. नियम एकच: आठवड्याला एक विषय, तासभर त्याच विषयावरची गाणी. गाणी बहुतेक जुनीपुराणी. ब्लूज, सोल, गॉस्पेल, कंट्री, रॉकचे आद्यपुरुष, सगळी सरमिसळ. हा प्रकार एप्रिल 2009 पर्यंत चालला, शंभर भाग झाले, आणि तेवढ्यात चांगली शहाणीसुरती, नोकरीधंद्याची माणसं हाताबाहेर गेली. ऐकायची ती ऐकायचीच, वर भाग रेकॉर्ड करून इतरांना वाटायचे. बुटांवरचा भाग ज्यानं ऐकला नाही त्याच्याकडे असं बघायचं, जणू त्यानं वारी चुकवली.

आम्हीही म्हटलं, बघावं तरी या तासात असं आहे काय. पहिल्याच संध्याकाळची पानं मोजली आणि कानावर हात ठेवायची वेळ आली.

विषय हवामान. पहिलं पान मडी वॉटर्सचं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातून शिकागोला गेलेला, ब्लूजला विजेच्या तारा जोडणारा थोर माणूस. त्याच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण त्याच पंगतीत जिमी डेव्हिस! हे गृहस्थ लुइझियानाचे दोनदा गव्हर्नर. ‘यू आर माय सनशाइन’ हे गाणं गात गात 1944 मध्ये निवडून आले. प्रचाराच्या घोड्याचं नावसुद्धा सनशाइन. गाणं त्यांनी लिहिलं की कुणाकडून विकत घेतलं, यावर आजही कुजबुज चालते. 1960 मध्ये ते पुन्हा गव्हर्नर झाले ते काळ्या-गोऱ्या मुलांनी एका शाळेत बसू नये, या बाजूचे म्हणून. आणि मुलांना एका वर्गात बसू न देणाऱ्या या साहेबांना डिलननं बसवलं कुणाबरोबर? मडी वॉटर्सबरोबर, फॅट्स डॉमिनोबरोबर आणि ‘प्रिझनेअर्स’बरोबर.

हे प्रिझनेअर्स म्हणजे टेनेसीच्या तुरुंगातले पाच खरेखुरे कैदी. 1953 मध्ये त्यांना पहाऱ्यात मेम्फिसच्या सन स्टुडिओत नेलं, पावसात चालण्याबद्दलचं त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि परत कोठडीत सोडलं. त्यात आणखी एक भानगड: टेनेसीचे गव्हर्नर फ्रँक क्लेमेंट या कैद्यांना स्वतःच्या निवासस्थानी गायला बोलवायचे. म्हणजे अमेरिकेत एक गव्हर्नर गात होता, दुसरा कैद्यांना गायला लावत होता, आणि राज्यकारभार कोण बघत होतं देव जाणे.

पुढची पानं बघा. जिमी हेंड्रिक्स आणि ज्युडी गार्लंड, एकाच तासात. फ्रँक सिनात्रा आणि त्रिनिदादहून आलेले लॉर्ड बिगिनर. स्टीव्ही वंडर आले ते इटालियन भाषेत गाणं घेऊन! आणि हळूच एका बाजूला स्टेपल सिंगर्स. इथे जरा जवळ या. या घराण्यातल्या मेव्हिस स्टेपल्सला साठच्या दशकात डिलननं लग्नाची मागणी घातली होती. वडिलांना विचारलं, वडील म्हणाले तिलाच विचार, आणि ती नाही म्हणाली. हे आम्ही नाही, मेव्हिसबाईंनी स्वतः मुलाखतींतून सांगितलंय. चाळीसेक वर्षांनी हा माणूस रेडिओवर पहिली पंगत मांडतो, हजारो घराण्यांमधून निवड करतो, आणि नेमकं हेच घराणं त्याला आठवतं. ढगांबद्दलचं गाणं म्हणून, बरं का! ढगांबद्दल.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? बिघडलं असं की अमेरिकेच्या रेडिओनं तोवर कडक सोवळं पाळलं होतं. काळ्या लोकांच्या संगीताला ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक 1949 पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणायचं. मग लाज वाटून ‘रिदम अँड ब्लूज’ असं नाव ठेवलं, पण पंगत वेगळीच राहिली. ऐंशीच्या दशकात ‘क्लासिक रॉक’ नावाची स्टेशनं निघाली. त्यांनी तर ठरावीक काही शे गाणी निवडली आणि वर्षानुवर्षं तीच वाढली. तिथे काळा माणूस म्हटला तर एकटा हेंड्रिक्स, तोही बहुधा गिटारच्या जोरावर आत आलेला. सोल ऐकायचं तर दुसऱ्या स्टेशनवर, कंट्री तिसऱ्यावर, गॉस्पेल रविवारी सकाळी. आणि हा बाबा म्हणतो, विषय हवामान आहे ना, मग बसा सगळे. जात विचारायची नाही, साल विचारायचं नाही, फक्त पाऊस पडतोय का एवढंच विचारायचं.

आपल्याकडच्यांनी फार हसू नये. आपले पुण्याचे बाळकृष्ण केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी चित्रपटगीतांनाच आकाशवाणीच्या ओसरीवरून उठवलं. श्रोते काय थांबतात? ते उठून थेट सिलोनला गेले, अमीन सयानींच्या पंगतीला. शेवटी 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. तेव्हापासून जून आला की पावसाची गाणी एका ओळीनं लागतात आणि त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. आपल्याला वाटतं, ही ऋतूचीच व्यवस्था आहे.

हे झाले विषयवाले. दुसऱ्या जातीचे वेडे म्हणजे क्रमांकवाले. त्यांना पंगत चालत नाही, मानाचं पान लागतं. न्यूयॉर्कचं क्यू-104.3 हे स्टेशन दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास 1,043 क्लासिक रॉक गाणी उलट्या क्रमानं लावतं. आकडा कुठून आला? स्टेशनच्या फ्रीक्वेन्सीतून! बरं, एवढ्या दिवसांचा उपास सोडायला शेवटी मिळतं काय, तर जवळपास दरवर्षी तेच लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’. नेदरलँड्सची तर गोष्टच सोडा. 1999 पासून तिथला सरकारी रेडिओ नाताळापासून 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रात्रंदिवस दोन हजार गाणी लावतो, लोकांच्या मतांनी ठरवलेली. अख्खा देश घरात बसून मोजत असतो. आणि पहिल्या क्रमांकावर बहुतेक वर्षी कोण? क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. आणि क्वीनचा गायक म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला फारुख बुलसारा, जो तिथे ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो बडवायचा. डच लोक वर्षअखेरीला श्वास रोखून एका पाचगणीकराची वाट बघतात आणि आपल्याकडे पाचगणी म्हटलं की स्ट्रॉबेरी आणि टेबललँडचे घोडे!

पण क्रमांकवाल्यांचं वेड निरुपद्रवी आहे, कारण मानाचं पान ठरलं की वाद संपतो. विषयवाल्यांचं वेड धोक्याचं. शेजारी शेजारी बसवलं की माणसं एकमेकांच्या पानात बघतात, आणि मग कुणी कुणाचं काय उचललं ते बाहेर येतं.

त्या हवामानाच्या पंगतीत न्यू ऑर्लिन्सच्या अर्मा थॉमस होत्या. पावसाचं गाणं गाऊन गेल्या बिचाऱ्या. पण त्यांनी 1964 मध्ये ‘टाइम इज ऑन माय साइड’ गायलं, त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या पोरांनी ते उचललं आणि अमेरिकेत गाजवलं. पुढे बाईंनी स्वतःच्या मैफलीत ते गायलं की लोक म्हणायचे, वा, स्टोन्सचं गाणं छान म्हणता हो! बाईंनी वैतागून बरीच वर्षं ते गाणं गायचंच सोडलं. मडी वॉटर्सचंही तेच. विली डिक्सननं लिहिलेलं त्यांचं 1962 चं ‘यू नीड लव्ह’ ऐका आणि लगेच लेड झेपेलिनचं 1969 चं ‘होल लॉट्टा लव्ह’ लावा. डिक्सननं 1985 मध्ये कोर्टात धाव घेतली, तेव्हा कुठे तडजोड झाली आणि रेकॉर्डवर त्याचं नाव आलं. क्लासिक रॉकच्या स्टेशनवर हे कळायची सोय नाही, कारण तिथे मडी वॉटर्सना पानच वाढलेलं नसतं.

सगळेच चोर होते असं नव्हे. ओटिस रेडिंगनं 1965 मध्ये ‘रिस्पेक्ट’ लिहिलं आणि गायलं. त्यात दमून घरी आलेला नवरा मान मागतो. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिननं तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं आणि असं काही फिरवलं की नवऱ्याची मागणी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. ओटिसनं माँटेरेच्या महोत्सवात हसत हसत कबूल केलं की एका मुलीनं त्याचं गाणं पळवलं. असा पळवणारा भेटावा तर भाग्य!

आता यजमानांकडे वळू. मे महिन्यात यांनी मडी वॉटर्सना पहिलं पान वाढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यांचा ‘मॉडर्न टाइम्स’ हा अल्बम आला. त्यात एक गाणं आहे ‘रोलिन अँड टम्बलिन’. हे नाव आणि ही चाल ब्लूजच्या दुनियेत 1929 पासून फिरतेय, आणि मडी वॉटर्सनी 1950 मध्ये ती घराघरात नेली. अल्बमवर श्रेय कुणाचं? बॉब डिलन. एकट्याचं! पाहुण्याला आदरानं जेवायला बसवायचं आणि तो आचवायला उठला की त्याच्या चपला घालून फिरायला जायचं, याला म्हणतात आतिथ्य. त्याआधीच्या ‘लव्ह अँड थेफ्ट’ या अल्बममध्ये एका जपानी डॉक्टरनं लिहिलेल्या याकुझाच्या आठवणींतली वाक्यं सापडली होती, तो गलका वेगळाच. पण अल्बमच्या नावातच ‘चोरी’ असा शब्द छापल्यावर फिर्याद करणार तरी कशी?

आणि तो रेडिओवरचा बनाव! कार्यक्रमाच्या सुरुवातीला एलन बार्किन ही अभिनेत्री घोगऱ्या आवाजात महानगरातल्या रात्रीचं वर्णन करते. कार्यक्रम म्हणे ‘अ‍ॅबरनॅथी बिल्डिंग’मधून प्रसारित होतो. अशी इमारतच नाही. शेवटी पिएर मॅन्सिनी नावाचा निवेदक श्रेयनामावली वाचतो. असा माणूसच नाही. तो आवाज निर्माते एडी गोरोडेत्स्कींचा, ज्यांच्या घरच्या रेकॉर्डांच्या डोंगरातून ही बरीच गाणी निघाली. डिलन मधेच श्रोत्यांची पत्रं वाचतो, आणि ती इतकी सोयीची असतात की आम्हाला त्यांच्या पोस्टाच्या शिक्क्याबद्दल दाट संशय आहे. विनोद तर असे, की लग्नात पंक्तीच्या टोकाला बसलेले मामा बरे. आणि तरीही ऐकणारे हसतात! तिसऱ्या आठवड्यात तर दारूच्या विषयावर त्यानं मिंट ज्युलेपची साग्रसंगीत कृती सांगितली, पुदिन्यासकट.

ती कृती आम्ही तेव्हा निष्पापपणे ऐकली. पण 2018 मध्ये या गृहस्थानं ‘हेवन्स डोअर’ नावाची व्हिस्की बाजारात आणली. कार्यक्रम बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, तेव्हा 2020 च्या सप्टेंबरात तो अचानक एका खास भागापुरता परत आला. एक नाही, दोन तास. विषय? व्हिस्की.

अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी याहून कमी गुन्ह्यासाठी भोगलंय हो. अ‍ॅलन फ्रीड हा पन्नासच्या दशकातला रॉक अँड रोलचा मोठा निवेदक. गाणी वाजवायला कंपन्यांकडून पैसे घेतले म्हणून त्याची चौकशी झाली, नोकरी गेली, 1962 मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि 300 डॉलर दंड भरला. चक बेरीच्या ‘मेबलिन’वर लेखक म्हणून त्याचंही नाव चढलं होतं, ते का चढलं ते सगळ्यांना ठाऊक. पण फ्रीड बिचारा दुसऱ्याचा माल खपवत होता. इथे माल स्वतःचा, मळा स्वतःचा, आणि रेडिओसमोर बसलेले लोक वर म्हणतात, काय विषय निवडलाय!

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एकादशीला साबुदाणासुद्धा मोजून खातात. तो दोन तासांचा भाग त्यांनी कुठून मिळवला, ते विचारायची सोय नाही. ऐकून झाल्यावर जिन्यात गाठून त्यांनी आम्हाला हळूच विचारलं, ‘‘ते स्वर्गाच्या दारवालं काय ते... दादरला मिळतं का हो?’’