उपस्थित आणि अनुपस्थित अश्व

सातव्या एडवर्डचा पुतळा काळ्या घोड्यासकट १९६५ साली राणीच्या बागेत गेला, तरी फोर्टातल्या त्या चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. १९९९ मध्ये तिथं कलामहोत्सव सुरू झाला तेव्हाही चौकात घोडा नव्हता. नवा आला तो २०१७ मध्ये, तोही बिनस्वाराचा. मग आमच्या नाहूरनंच काय घोडं मारलंय, असा सवाल मी सोसायटीच्या सभेत टाकला. सभेला लिफ्टवर भांडायची घाई होती, त्यामुळे ठराव तत्काळ मंजूर झाला आणि मी ‘अश्व आणि परिसर’ या प्रदर्शनाचा क्युरेटर बनलो. घोड्यांशी माझा संबंध माथेरानला दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत आलेला, तोही डोळे मिटून.

चित्रं भरपूर आली. झाडून सगळे घोडे गुडघाभर गवतात. मी भारावलो आणि फलकावर लिहिलं, ‘मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या मनांची ही हरित आस!’ सहावीतल्या एका चित्रकर्तीनं ते वाचलं आणि ती म्हणाली, “काका, खुरं जमत नाहीत ना, म्हणून गवत.”

खुरांनी थोरामोठ्यांनाही घाम फोडलाय म्हणा. झेरिकोनं १८२१ मध्ये रंगवलेले एप्समच्या शर्यतीतले घोडे चारही पाय ताणून हवेत तरंगतात. १८७८ मध्ये मायब्रिजच्या कॅमेऱ्यांनी दाखवलं, की चारही पाय जमीन सोडतात खरे, पण पोटाखाली गोळा होतात तेव्हा. हे सगळं मी ठळक अक्षरांत लावलं. त्याखाली लोकांनी छत्र्या ठेवल्या.

‘परिसर’ माझ्या एकट्याचा. हॉलच्या दाराशी गवताच्या पेंढ्या, तोबरा आणि खरारा मांडून मी त्याला ‘अनुपस्थित अश्व’ असं नाव दिलं. पण सेक्रेटरींनी ओळखीतून उद्‌घाटनाला वरातीची घोडी मागवली. माझं प्रास्ताविक संपायच्या आत उपस्थित अश्वानं अनुपस्थित अश्वाचं गवत फस्त केलं. टाळ्या पडल्या. त्या भाषणाला नव्हत्या.

घोडीवाल्या मामांनी लगाम माझ्या हातात दिला आणि “बघून येतो जरा” म्हणत ते आत गेले. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. “हा चिडलाय, कान मागं पाडलेत बघा. हा म्हातारा, पाठीला झोळ आलाय.” हुसेनच्या घोड्यांच्या जुन्या कॅलेंडरपाशी ते थबकले. “ह्याला लगाम टोचतोय. त्याशिवाय एवढं तोंड वासत नाही जनावर.” हुसेनवर मी दोन पानं लिहिली होती, त्यांत हे कुठंच नव्हतं. छत्र्या उचलून सगळी गर्दी मामांच्या मागे लागली. बाहेर घोडी माझा क्युरेटरचा बिल्ला चघळत होती.

तेवढ्यात वॉचमन रजिस्टर घेऊन आला.

“पाहुण्यांची गाडी. टू-व्हीलर की फोर-व्हीलर?”

मी पाय मोजले. “फोर.”

“नंबर?”

माझ्या उत्तराची वाट न बघता तो स्वतःच नंबरप्लेट शोधायला घोडीच्या मागं गेला. खिडकीतून मामा केवढ्यांदा तरी ओरडले.