डाव्या बाजूचा ब्रेक

आमच्या घरात गाडी ही चालवते आणि घाबरण्याचं खातं माझ्याकडे आहे. शिकायचं वय होतं तेव्हा गाडी नव्हती. गाडी आली तोवर धैर्य संपलं होतं. म्हणून मी डावीकडे बसतो, न विचारता रस्ता सांगतो आणि समोर म्हैस दिसली की उजवा पाय कचकन खाली दाबतो. तिथे ब्रेक नाही हे मला ठाऊक आहे. पायाला अजून कुणी कळवलेलं नाही.

गाडी सासऱ्यांची, प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे सलग बाकडं. वय झाल्यामुळे दर पाच वर्षांनी तिला आरटीओत जाऊन पेन्शनरासारखा हयातीचा दाखला द्यावा लागतो. या गाडीने पुण्याहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून हरिहरेश्वर, असा हिचा बेत. महाबळेश्वरला धुकं होतं, त्यामुळे सगळे पॉइंट सारखेच दिसले. प्रतापगडाचा फाटा आला आणि गेला. १६५९ साली अफजलखान याच जावळीच्या खोऱ्यात आला होता. त्यालाही इथली हवा मानवली नाही.

फाट्यानंतर मी म्हणालो, "जळका वास येतोय."

"तुला घरातून निघाल्यापासून येतोय."

पण पुढच्या वळणावर हीच गप्प झाली. ही गप्प झाली की मला देव आठवतात. पेडल आधी अर्ध्यावर गेलं, मग थेट फळीला टेकलं. झिजून पातळ झालेले लायनर, त्यात घाटाचा उतार. ड्रम तापला की फुगतो, शूला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त वाट चालावी लागते. वर ब्रेक ऑइल जुनं; ते हवेतलं पाणी पीत बसलेलं असतं. तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते, आणि मग आपण पाय देतो तो चाकाला न पोचता वाफ दाबण्यातच खर्च होतो. हे ज्ञान मला नंतर मिळालं. त्या क्षणी मी फक्त "अगं, अगं" एवढंच म्हणत होतो.

हिने पेडल भराभर पंप केलं, दांडा ओढून दुसरा गिअर टाकला, मग पहिला. इंजिनाने हंबरडा फोडला. डोंगराकडच्या गटाराला चाक घासत, हँडब्रेक ओढत गाडी थांबली. माझा पाय डावीकडे इतक्या निष्ठेने दाबलेला होता की तो उचलायला मला हात लावावा लागला.

ड्रम निवेपर्यंत माकडांनी आमची स्ट्रॉबेरी संपवली. मग पहिल्या गिअरात रांगत पोलादपूर. मागे गाड्यांची वरात आणि अखंड हॉर्न. अरे बाबांनो, ब्रेक नसलेल्या गाडीला हॉर्न वाजवून घाई कसली करता? एकाने तर ओलांडताना काच खाली करून आम्हाला संथपणावर व्याख्यान दिलं. त्याची गाडी नवीकोरी होती. जुनी होईल तीही.

पोलादपुरात गॅरेजपाशी पोचलो तेव्हा मिस्त्री ट्रकखाली होते. आवाज ऐकून बाहेर आले, चष्मा पुसला आणि आम्हा दोघांना ओलांडून बॉनेटवर हात ठेवला.

"पद्मिनी हाय," म्हणाले. जणू माहेरचं कुणी आलंय.

उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्स्यांचे ब्रेक करण्यात घालवलेली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ साली ताडदेवला पासिंग झाली, वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. "त्याच्या आधीच गाव गाठलं," ते म्हणाले. "उरलेले शू तेवढे घेऊन आलो. टाकवेना." आणि फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. ही, जी घाटात डगमगली नव्हती, ती उगाच टायर बघायला पलीकडे गेली. वडिलांनंतर या गाडीला असा हात कुणी लावला नव्हता.

तोवर सल्लागार जमले होते. एक म्हणाला, भंगारात द्या. दुसरा म्हणाला, इंजिन बदला. तिसऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, घाटात ब्रेकवर उतरलात व्हय?" मी मानेने हिच्याकडे खूण केली. तेव्हापासून माझ्याशी कुणी बोललं नाही.

ड्रम कडेने ठोकत निघाला. लायनर रिवेटपर्यंत खाल्लेले, मागच्या एका व्हील सिलिंडरचा रबरी कप फाटून शू तेलाने माखलेला. धूळ बघून मी फुंकर मारायला वाकलो, तर मिस्त्री ओरडले. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असायचं. ते फुंकायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. डब्यातले शू बसले, सिलिंडरला नवं किट पडलं, ताजं ऑइल भरलं.

राहिली हवा काढायची. पोऱ्या चहाला गेलेला, ही बिलाचं बघत होती. मिस्त्रींनी मला हुकूम सोडला, "बसा आत."

उजवीकडे! आयुष्यात प्रथमच. गाडी जॅकवर, चाकं हवेत. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. "दाबा... दाबा... धरून ठेवा!" ते निपल सैल करत, बुडबुडे निघत, पेडल खाली जाई. "सोडू नका!" मी? मी घाटभर सोडला नव्हता.

चौथ्या चाकाला पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"साहेबांचा पाय चांगला हाय," मिस्त्री हिला म्हणाले. "गाडी शिकवा त्यांना."

"नको," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

पैसे देताना त्यांनी शूचे घेतले नाहीत. लायनर बसेपर्यंत जपून चालवा, आणि थोडं फिरवून झालं की ॲडजस्ट करायला परत आणा, म्हणाले. पुण्यात नका दाखवू, तिथे पोरांना ड्रम कळत नाही. हिने लगेच मान डोलावली. म्हणजे दिवाळीत पुन्हा पोलादपूर. लोक गोव्याला जातात.