पेंडीची कोंबडी

सोयाबीन ही आमच्याकडं खायची वस्तू नाही, बोलायची आहे. बी उगवलं का, पिवळा मोझॅक आला का, एका बॅगला उतारा किती पडला आणि लातूरच्या आडतीत भाव काय निघाला, एवढ्यावर औशापासून लोह्यापर्यंत सोयरिकीची कुठलीही बैठक दोन तास निघते. त्याच बैठकीत कुणी सोयाबीनच्या वड्यांची भाजी वाढली तर सोयरीक मोडायची.

तरी मी वड्या आणल्या. कारण क्वालालंपूरला नोकरी करणारा भाचा. त्यानं व्हिडिओ कॉलवर जेवता जेवता 'आयाम गोरेंग बरेम्पाह' दाखवलं. वाटणात मुरवलेली कोंबडी तळतात, त्याच तेलात मसाल्याचा चुरा कुरकुरीत होतो आणि तो वरून पसरतात. आमच्याकडं अडचणी दोन. आई माळकरी, आणि माझे रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी तळणावर आणलेली बंदी. तेव्हा कोंबडीच्या जागी सोयाबीनची वडी आणि कढईच्या जागी ओव्हन, असं ठरलं.

"म्हणजे तळलेली कोंबडी करायची, पण तळायची नाही आणि कोंबडीही नाही," बायको म्हणाली. "मग राहिलं काय?"

"मलेशिया."

पण मसाल्याची यादी घेऊन बसलो तर त्यात मलेशिया कुठं सापडेना. धने, जिरे, बडीशेप डब्यात होतीच. हळद सासरेबुवांनी नांदेडच्या मोंढ्यातून पाठवलेली. आंबटपणाला चिंच पानचिंचोलीची, वर भुरभुरायला कोथिंबीर कास्तीची. दोघी लातूर जिल्ह्यातल्या आणि 2024 पासून भौगोलिक मानांकनवाल्या, म्हणजे हल्ली त्यांना जरा मानानंच चिरावं लागतं. गवती चहा मोरीपाशी माजलेला. त्याची पात सोडून खालचा पांढरा बुंधा वाटायचा, हे कळल्यावर बायकोनं सगळं बेट उपटलं जाण्याआधी मला अंगणातून आत घेतलं.

अडलं ते कुळिंजनापाशी. आल्याच्या जातीचा हा कंद तिकडं ताजा मिळतो. इकडं गंजगोलाईत काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेले तुकडे निघाले. कुळिंजन आपल्याकडं आवाज बसला की चघळतात, म्हणून दुकानदारानं विचारलं, "कीर्तन करता का?"

"नाही, कोंबडीला लावायचंय."

"तिचा घसा बसला का?"

वाटण झालं आणि त्याच वेळी औशाचे मामा आले. मामांचं उभं आयुष्य आडतीत गेलेलं. परातीतल्या वड्या बघून म्हणाले, "काय करायलाव रे? ही तर पेंड की! म्हशीला घालतो ती."

बोलणं कडू, पण खरं. क्विंटलभर सोयाबीनमधून अठरा-वीस किलो तेल निघतं. उरलेल्या, तेल काढलेल्या भागाचं पीठ उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून बाहेर सोडलं की फुगतं, तीच वडी. वजनाच्या जवळपास निम्मं प्रथिन. म्हणजे हिचं तेल कारखान्यानं आधीच काढून घेतलेलं असतं आणि आपण तळताना तेच पिशवीतून विकत आणून हिच्यात परत भरतो! मी न तळून फार मोठं पथ्य पाळत होतो असं नाही, फक्त ही उलटी वाहतूक थांबवत होतो.

मामांचा दुसरा आक्षेप थेट मलेशियावर. "त्यांचं पामतेल जहाजानं आलं की हितं आपला भाव पडतोय. आन् तू त्यांचाच मसाला लावायलास?" मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आलं, ते मामांनी अजून कुणालाच माफ केलेलं नाही.

पण वड्या उकळत्या पाण्यातून काढल्या आणि मामांमधला आडत्या जागा झाला. हमीभावाच्या केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांवर गेला की माल माघारी येतो, हे दुःख त्यांच्या हाडात मुरलेलं. एक वडी दाताखाली धरून ते म्हणाले, "लै वल्ली हाय. पीळ." पिळली. "अजून पीळ." सगळी मख्खी यातच आहे. नीट न पिळलेली वडी ओव्हनमध्ये नुसती वाफाळत बसते. पार कोरड्या केल्या तेव्हा कुठं वाटण आत शिरलं. तासाभरानं ज्वारी-तांदळाच्या पिठात घोळवल्या, दोन चमचे तेलाचा हात फिरवला आणि जाळीवर मांडून 200 अंशावर ठेवल्या. उरलेलं वाटण शेजारच्या ताटलीत पसरून भाजलं, म्हणजे तो चुराही झाला. मध्येच एकदा उलटायला दार उघडलं तर आई आतून म्हणाली, "चहा मांडला का?"

कोंबडी झाली का? नाही. पण कुरकुरीत, आंबट-तिखट आणि आत तंतू असलेलं काहीतरी झालं, आणि आईनंही दुसऱ्यांदा मागितलं. मामा बोलेनात. ताटली रिकामी करून त्यांनी वड्यांचं पाकीट उचललं, चष्मा वर करून किंमत वाचली, बोटांवर क्विंटलचा हिशोब केला. 2025-26 चा हमीभाव 5,328. हिशोब मधेच थांबवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"भाच्याला फोन लाव. तिकडं आडत चालते का इचार."