जयगडचा लॉटपारखी

जयगड पंचक्रोशीत आढळणाऱ्या मनुष्यप्रकारांमध्ये लॉटपारखी हा प्रकार संख्येने अल्प असला, तरी अभ्यासनीय आहे. लॉट म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून, एका सलग फेरीत निघालेला माल; आणि लॉटपारखी म्हणजे असा गृहस्थ, ज्याच्या मते जगातील यच्चयावत अपयशाचे कारण माणसाच्या हातात नसून बदललेल्या लॉटमध्ये असते. तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहताना घेतलेला चहा फिका लागला, तरी चहावाल्याला तो दोष देत नाही, पावडरीचा लॉट विचारतो. तथापि या श्रद्धेचे खरे क्षेत्र नेमबाजी हेच होय.

या श्रद्धेचा उगम ठासणीच्या बंदुकीत शोधावा लागतो. पिकाच्या रक्षणासाठी अशी बंदूक बाळगण्याचा परवाना देण्याची तरतूद 1959च्या शस्त्र अधिनियमात आहे, आणि कोकणातील बागायतदारांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहे. या बंदुकीत तयार काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग शिशाचे छर्रे घालून ते गजाने ठासावे लागतात, म्हणजे प्रत्येक बार हा स्वतंत्र हस्तव्यवसाय असतो. लॉटपारख्याच्या आजोबांच्या काळी दारूचे माप चिमटीवर आणि चिमूट आजोबांच्या मनःस्थितीवर अवलंबून असल्याने एका बाराने सगळी बाग वानरमुक्त होई, तर दुसऱ्याने केवळ आजोबांचा खांदा दुखे, आणि वानरांनीही या अनिश्चिततेविषयी आपले काही ठोकताळे बांधले असावेत, असे मानण्यास जागा आहे. (निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका बहुधा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि लोकसभेची निवडणूक ऐन आंब्याच्या दिवसांत येते; वानरांना मताधिकार नसला, तरी निवडणुकीचा प्रत्यक्ष लाभ त्यांच्याइतका क्वचितच कोणाला होत असेल.)

हेच बार भरण्याचे कर्म पाश्चात्त्य देशांत शास्त्राच्या पदवीला पोहोचले आहे. तेथील हौशी नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी, मोजून घेतलेली दारू आणि स्पर्धेसाठी बनवलेली गोळी बसवतात. गोळीच्या बुडापासून, तिच्या निमुळत्या नाकाचा जो भाग नळीतील आट्यांना प्रथम टेकतो, तिथपर्यंतचे अंतर एका लॉटहून दुसऱ्या लॉटमध्ये केसभर बदलले, तरी गोळी पुंगळीत किती खोल बसवायची हे नव्याने ठरवावे लागते, आणि म्हणून जाणकार मंडळी शक्य तर नळीच्या आयुष्याला पुरेल इतका साठा एकाच लॉटमधून घेऊन ठेवतात. हा तपशील जयगडच्या गृहस्थाला रात्री अकरानंतर मोबाइलवर कळला, आणि त्या रात्रीपासून कुटुंबाची झोप व लॉट हे दोन्ही विषय परस्परांत मिसळले.

त्याला ठासणीची बंदूक वारशाने मिळाली असली, तरी नेमबाजी करते ती त्याची कन्या. तेजस्विनी सावंत 2010मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळे याने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरचे हे वारे आंबा घाट उतरून खाली आले, आणि जयगडच्या घरात दहा मीटरची हवाई बंदूक आली. तिचा छर्रा 4.5 मिलिमीटर जाडीचा, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा, मध्ये कंबर आणि मागे घेर असलेला असतो. शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात दाबून तो घडवतात. साचा झिजतो, बदलतो, आणि त्याबरोबर छऱ्याची जाडी व घेरही किंचित बदलतात. त्यामुळे अव्वल नेमबाज युरोपातील कारखान्यांत जाऊन, बंदूक शिकंज्यात आवळून, निरनिराळे लॉट झाडून पाहतात आणि ज्याची छिद्रे सर्वांत दाटीने पडतील तो उचलतात.

येथवर लॉटपारखी बरोबर आहे, आणि त्याच्याशी वाद घालणे कठीण जाते ते याच कारणाने. निशाणपत्रावरील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, 10.9 गुणांची कमाल आणि 10.8 यांच्यातील अंतर पाव मिलिमीटर, आणि पदके 0.1 गुणाने हुकतात. परंतु पूर्ण एक गुण गमावण्यासाठी छर्रा अडीच मिलिमीटर भरकटावा लागतो, आणि कन्येचे छर्रे आठ व नऊच्या वर्तुळांत हिंडत असल्याने तिचा प्रश्न लॉटचा नसून घोडा ओढताना मिटणाऱ्या डोळ्याचा आहे, हे प्रशिक्षकाने दोनदा सांगून पाहिले. त्यावर पित्याने प्रशिक्षकच बदलला. तोही एक प्रकारे लॉटच.

छर्रे वजनाने निवडण्यासाठी त्याने काटा आणला. काटा ग्रॅमच्या शतांशापर्यंत वाचतो, छऱ्यांमधील फरक बहुधा सहस्रांशांचा असतो, त्यामुळे पाचशेच्या डबीतील जवळजवळ सर्वच छर्रे सारखे भरले, आणि अभ्यासकाने काट्याचा लॉट सदोष असल्याचा निष्कर्ष काढला.

अखेरीस एक डबी त्याच्या पसंतीस उतरली. त्याच क्रमांकाच्या मिळतील तितक्या डब्या त्याने मुंबईहून मागवल्या आणि त्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी राखून ठेवल्या. कन्या अद्याप जिल्ह्याच्या पुढे गेलेली नव्हती, म्हणून सराव वाईट लॉटवरच चालू राहिला. औषधाच्या बाटल्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या प्रत्येक डबीत घालून त्याने त्या तांदळाच्या कणगीत पुरल्या. मात्र जयगडची खारी, दमट हवा कणगीलाही जुमानत नाही, आणि शिसे अशा हवेत पांढरे पडते. दोन पावसाळ्यांनंतर डब्या उघडल्या, तेव्हा प्रत्येक छऱ्यावर भुकटीचा थर होता. पत्नीने तांदूळ दुसऱ्या दुकानातून आणायला सांगितले. लॉटपारख्याने डब्यांवरचा जुना क्रमांक खोडला, नवा घातला आणि काटा पुन्हा शून्यावर आणला.